एका मिलिमीटरचा व्यवहार

मॅक्रो छायाचित्रात फुलपाखराचा डोळा लख्ख उमटतो, पंखाची कड मात्र धूसर राहते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात प्रतिमा वस्तूएवढीच घेताना एफ/८ छिद्रावर सुस्पष्टतेची खोली जेमतेम १ मिलिमीटर असते. छिद्र एफ/१६ पर्यंत लहान केले की ती दुप्पट होते. मोबदल्यात प्रकाश चौथाई उरतो आणि विवर्तनाने सारे चित्रच किंचित मऊ पडते. नफा-तोटा जाणणाऱ्यांस अधिक सांगणे नलगे.

फोकस सरकवत घेतलेली अनेक छायाचित्रे जोडून खोली वाढवता येते. पण त्यासाठी कीटक निश्चल हवा. काही जण त्याकरिता त्याला शीतकपाटात गारठवतात, क्वचित मारतातही. एका चित्रासाठी ही किंमत फार झाली. पहाटेच्या गारव्यात फुलपाखरू आपणहून पंख मिटून स्थिर बसते. तेव्हा कॅमेरा त्या पंखांना समांतर धरावा. तेवढ्याच १ मिलिमीटरात बहुतेक सगळी नक्षी सामावते.