उदगीर ते उस्मानिया

शाबानचा शेवटचा आठवडा होता. रमजान लागला की प्रवास अवघड होतो आणि त्यानंतर ऊन सोसत नाही. म्हणून लेकीच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची गडबड असतानाही आम्ही चार दिवस काढले. तिला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. करायचे आहे. आधी जागा डोळ्यांनी पाहावी, त्या निमित्ताने नातेवाइकांनाही भेटावे, असे ठरले.

उदगीर सोडले की भालकी, बिदर, जहीराबाद, विकाराबाद अशी स्टेशने लागतात. रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. या वाटेवर आज तीन राज्ये येतात. 1956 पर्यंत मात्र हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता आणि उदगीर हा बिदर जिल्ह्यातला तालुका होता. मुलीच्या दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा बिदरच लिहिलेला आहे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचे कोणी ना कोणी हैदराबादेत असते, ते यामुळेच.

मलकपेठेत मुलीच्या मोठ्या फुफीकडे उतरलो. आमच्या पिशवीतून तूरडाळ, ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. दस्तरखानावर बगारा खाना, दालचा आणि खुबानी का मीठा आला. भाऊबंद रात्री उशिरापर्यंत येत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरपेठमार्गे रिक्षाने विद्यापीठ गाठले. आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत समोर आली आणि बोलणी थांबली. अर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि 1939 मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. उंच कमान इस्लामी धाटणीची, तर खांबांची घडण वेरूळ-अजिंठ्याची आठवण देणारी. आपल्या मराठवाड्यातली लेणी इथे भेटल्याचे लेकीला फार अप्रूप वाटले.

विद्यापीठ 1918 चे. सुरुवातीला इथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. विज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय उर्दूतून शिकवता यावेत म्हणून 'दारुल तर्जुमा' हा अनुवादाचा स्वतंत्र विभाग काढून पुस्तके तयार केली गेली. दादा त्याच काळात इथे उर्दूतून बी.ए. झाले. लेक मराठी माध्यमातली. इथे एम.ए. इंग्रजीतून, ही तिची मोठी धास्ती. पायऱ्यांवर बसलेल्या काही मुलींशी ती बोलली. त्यातल्या दोघी तेलुगू माध्यमातून आलेल्या होत्या. पहिले सहा महिने जड गेले, मग जमले, असे त्यांनी सांगितले. आम्ही घरी महिनाभर दिलेला धीर तिला इतका पटला नव्हता.

कार्यालयात माहिती मिळाली : आधी सामायिक प्रवेश परीक्षा, परराज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियम, आणि हॉस्टेलची खात्री आधी कुणी देत नाही. आम्ही मनात म्हटले, हॉस्टेल नसले तरी काय बिघडले? फुफीचे घर आहेच.

रात्री जेवताना हे बोलून दाखवले, तर आपांनीच मान हलवली. त्या स्वतः मॅट्रिक होऊन उदगीरहून इथे मामूंकडे राहायला आल्या होत्या आणि कोठीच्या महिला महाविद्यालयात शिकल्या होत्या. मामूंचे घर नसते तर शिक्षणच झाले नसते, हे त्या आजही सांगतात. पण घरात पाहुणा आला की पुस्तक मिटायचे, सणावाराला आठ-आठ दिवस चुलीपुढे जायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरात राहणारी मुलगी हातावर हात ठेवून कशी बसणार? बी.ए.च्या पुढे शिकायचे राहून गेले, ते असे.

"हॉस्टेल नक्को मिला तो इधरीच रहना, लेकिन कमरा अलग, दरवाजा बंद," आपा लेकीला म्हणाल्या. "मिला तो इतवार कू आ के खाना, बाकी दिनां पढना."

सिलारहमी म्हणजे येणे-जाणे, खाणे-खिलवणे, अडीअडचणीला धावणे, एवढेच आम्ही धरून होतो. आपल्या घरी राहायला येणाऱ्या मुलीला तिचा वेळ तिच्याकडेच राहू देणे हाही नात्याचा हक्क आहे, हे त्या रात्री नव्याने समजले. आपल्यातल्या अनेक घरांत शहरात शिकणारी भाची-पुतणी राहते. तिच्या अभ्यासाची वेळ घरातल्या कामांच्या आधी ठरली आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे.

परतीच्या गाडीत लेकीने बिदर येईपर्यंत परीक्षेच्या विषयांची यादी काढली. इंग्रजीचे पुस्तक तिने हैदराबादेतच घेतले होते.