मिरजेचे एक तंबोरेवाले

गवई वारला म्हणजे वर्तमानपत्रांत त्याची तसबीर येते, सभा भरते, शिष्य आठवणी सांगतात. ज्याच्या तंबोऱ्यावर तो जन्मभर गायला त्या कारागिराच्या मागें यांपैकीं कांहींच होत नाहीं. मिरजेच्या ज्या वृद्ध तंबोरेवाल्यांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, त्यांचें निधन झाल्याचें आम्हांस त्यांच्या मुलाच्या चार ओळींच्या पत्रानें कळलें. आमच्या वडिलांनीं घेतलेला तंबोरा त्यांच्याच हातचा. सारें गांव त्यांस चाचा म्हणे. आम्हीहि तेंच म्हणूं.

मिरजेंत हा धंदा आला तो शिकलगारांच्या घरांतून. हीं घराणीं हत्यारें घडविणारीं व त्यांस धार लावणारीं. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हां, एकोणिसाव्या शतकांत, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनीं तोच हात तंतुवाद्यांकडे वळविला, व पटवर्धन संस्थानिकांचा त्यास आश्रय मिळाला. पुढें अब्दुल करीमखांसाहेब मिरजेस येऊन राहिले. १९३७ सालीं ते वारले. त्यांची कबर मिरजेसच आहे, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यांत दरसाल उरुसास गवई हजेरी लावतात. चाचा या उरुसास जात ते कानस व सुताची गुंडी खिशांत घालून. कोणा परगांवच्या गवयाच्या तंबोऱ्याची जवारी बिघडलेली दिसली कीं ते न बोलावतां पुढें होत, आणि काम झाल्यावर पैशाची गोष्ट निघण्यापूर्वींच गर्दींत नाहींसे होत. व्यवहार म्हणून हें कांहीं शहाणपणाचें नव्हे, असें चाची नेहमीं म्हणत.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तून नांवाच्या लाकडाची, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु खुंट्या बसल्या, तारा चढल्या, तरी तंबोरा मुकाच असतो. त्यास वाचा फुटते ती जवारीनें. घोडीचा माथा कानशीनें अशा बेतानें घांसावयाचा कीं तारेनें त्यास निसटता स्पर्श करावा; मग तारेखालीं सुताचा दोरा हलके हलके सरकवीत गेलें म्हणजे एक जागा अशी सांपडते कीं एका स्वरांतून अनेक स्वर उमलूं लागतात. केसभर पुढें गेलें कीं आवाज फाटतो, केसभर मागें आलें कीं मिटतो. येथें गज-पट्टीचें काम नाहीं. कान म्हणेल तें प्रमाण.

आणि चाचांचे कानच गेले. सत्तरी उलटल्यावर हळूहळू ऐकूं येईनासें झालें. त्यांनीं कोणास न सांगतां एके दिवशीं आपलीं हत्यारें पुसून मुलाच्या हातीं दिलीं, आणि स्वतः दुकानाच्या उंबऱ्यापाशीं बसूं लागले. मात्र तयार झालेला प्रत्येक तंबोरा मुलगा त्यांच्यापुढें नेऊन ठेवी. ते भोपळ्यास गाल लावून बसत, मुलगा तारा छेडी, आणि चाचांची मान हलली म्हणजे वाद्य गिऱ्हाइकाकडे जाई.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां मुलाच्या मनांत हेंच सलत होतें. "काका," तो म्हणाला, "अब्बांना खरेंच कांहीं कळत होतें, का माझें मन राखण्यासाठीं ते मान हलवीत? सहा वर्षें मी त्यांच्या नांवावर माल दिला. तें नांव मी फुकट तर वापरलें नाहीं ना?"

अशा वेळीं "ईश्वराची इच्छा" म्हणून मोकळें होणें सोपें असतें. आम्हांस मात्र दोन वर्षांपूर्वींची एक दुपार आठवली, व तीच आम्हीं त्यास सांगितली. आम्ही दुकानांत असतां त्यानें एक नवा तंबोरा असाच पुढें ठेविला होता. आमच्या कानास तो निर्दोष वाटला. चाचांनीं गाल लावला, डोळे मिटले, आणि तिसऱ्या तारेवर बोट ठेवून मान नकारार्थी हलविली. बाप-लेकांत त्या दिवशीं थोडी बोलाचालीहि झाली. अखेर मुलानें दोरा पुन्हा बसविला, तेव्हां जोडीचे षड्ज एकमेकांत असे मिसळले कीं पूर्वीं काय उणें होतें तें आम्हांस तेव्हां कळलें. मन राखणारा मनुष्य गिऱ्हाइकादेखत मुलाचा माल परत करीत नाहीं.

मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. चाची इद्दतींत होत्या, त्या दाराआडून म्हणाल्या, "एकदां नव्हे. असे अकरा परत केले. मी मोजले आहेत." हा आंकडा त्याला ठाऊक नव्हता, असें त्याच्या मुद्रेवरून दिसलें.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तो वर्तमानपत्राचा तुकडा दुकानांत चिकटविलेला आहे. मानांकन गांवास मिळतें, माणसास नाहीं. चाचांस त्याचें विशेष वाटलें नव्हतें. विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याच्या पेट्या घरोघर झाल्या त्याचेंहि त्यांनीं कधीं दुःख केलें नाहीं. पेटी थकत नाहीं, एवढेंच ते तिच्याविषयीं म्हणत, आणि ती स्तुति कीं निंदा हें ऐकणारावर सोपवीत.

आम्ही निघतांना मुलानें कोपऱ्यांतला अर्धा झालेला एक तंबोरा दाखविला. धारवाडच्या कोणा गायिकेचा तो होता, आणि चाचांच्या आजारामुळें राहून गेला होता. तो पाठवावा कीं पैसे परत करावे, याचा त्यास निश्चय होत नव्हता. आम्ही घरीं पोंचल्यावर आठ दिवसांनीं त्याचें पत्र आलें: घोडी बसविली आहे, धारवाडास पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे, आणि तुमच्या वडिलांचा तंबोराहि एकदां घेऊन या, त्याचा दोरा आतां बदलावयास झाला असेल.