अंबडच्या टेकडीवरील वारा

परतूर हे काही डोंगरांचे गाव नव्हे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील या स्थानकावर उतरले म्हणजे दुधनेच्या खोऱ्यातील काळी, सपाट जमीन चहूंकडे पसरलेली दिसते. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा तालुका १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात आला. "जिल्हा बदलला, जमीन होती तेथेच आहे," असे तेथील आमचे बालमित्र अण्णा विनोदाने म्हणतात.

संक्रांत उलटल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो, ते एका कामगिरीवर. वहिनी निवर्तल्याला वर्ष झाले होते. "काका, शेत विकून पुण्याला या, असे बाबांना तुम्हीच सांगा," अशी त्यांच्या चिरंजीवांनी आम्हांस गळ घातली होती. दोन दिवस गेले. परंतु वहिनींच्या तुळशीसमोर बसून तो शब्द काही आमच्या तोंडून निघेना. अखेर अण्णाच म्हणाले, "चल, अंबडच्या मत्स्योदरीला जाऊन येऊ. हिला यायचे होते, ते राहून गेले."

पहाटेच्या मोटारीने आम्ही निघालो. वाटेत घनसावंगी तालुका लागतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. समर्थ बाराव्या वर्षी घर सोडून गेले ते चोवीस वर्षांनी आईस भेटले, अशी परंपरागत कथा आहे. अण्णा हसून म्हणाले, "आमचा तर दर दिवाळीला येतो. मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?"

अंबडची टेकडी उंचीने फार नाही. तिचा आकार माशासारखा, म्हणून देवी मत्स्योदरी. नवरात्रात येथे माणसांची दाटी असते. त्या सकाळी मात्र वाऱ्याचेच राज्य होते. समुद्र दूर, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसाची ऊब रात्रीतून उडून जाते. त्यात उत्तर हिंदुस्थानावरून हवेची आवर्ते पूर्वेकडे सरकली, की त्यांच्या मागून थंड, कोरडा वारा थेट मराठवाड्यापर्यंत उतरतो. कानटोपी असूनही आमचे कान बधिर झाले. एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येईना, हे आमच्या पथ्यावरच पडले.

दर्शन घेऊन देवळाच्या आडोशाला बसलो. शिदोरीतील भाकरी आणि तिळाची चटणी सोडली. खाली ज्वारीची ताटे वाऱ्याने एकाच बाजूस लवत होती. पाऊस सरून महिने लोटले, तरी हे पीक जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर उभे राहते. तो ओलावा धरून ठेवण्याचा गुण काळ्या मातीचा. ही माती आली कोठून? सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरावर थर साचले. त्या खडकाची झीज होऊन रान झाले, आणि जे झिजायचे राहिले त्या टेकड्या झाल्या. आम्ही हे सांगितले, तेव्हा अण्णा बराच वेळ खाली पाहत राहिले.

मग एकाएकी म्हणाले, "अरे, त्याने तुला पाठवले आहे ना?"

आम्ही मान खाली घातली.

"शेत त्याचेच आहे. माझ्यामागे त्याने ठेवावे की विकावे, हे त्याने ठरवावे. पण ही टेकडी बघ. एवढी माती देऊन बसली, जागा मात्र सोडली नाही. त्याला सांग, रान मोकळे झाले म्हणजे उन्हाळ्यात येईन, नातवंडांत राहीन; मृगापूर्वी परत. आणि आज तू वर आलास, ते बरे झाले. एकट्याने मी आलो नसतो."

उतरताना वारा पाठीशी होता. वहिनींच्या नावाने घेतलेला प्रसाद अण्णांनी उपरण्याच्या टोकास बांधला होता आणि ती गाठ ते पुनःपुन्हा चाचपून पाहत होते. मुलाचा निरोप सांगावयास आम्ही गेलो होतो. परत आलो ते बापाचा निरोप घेऊन. तो आम्ही पुण्यास जसाच्या तसा पोहोचविला. चैत्रात अण्णा आले. येताना त्यांनी नव्या ज्वारीचे पोते आणले होते.