पेण ते रोहा, न वळता

पेण. ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात. एक पोरगा रंग न दिलेल्या मूर्तीभोवती वर्तमानपत्र गुंडाळत होता. दंडावर कागद गपगुमान बसला, एक चुणी नाही. पोटावर मात्र चुण्याच चुण्या. डोळ्याला दोन्ही गोल. पण भूमितीच्या हिशेबी दंड सपाट आणि पोट वक्र. फरक कागदाला कळतो.

•

पोटावर त्रिकोण काढला तर कोनांची बेरीज 180 अंशांच्या वर जाते. दंडावर बरोबर 180.

•

तिसरा नमुना पेणचाच, पापड. तेलात पडला की काठ फुलतो, मावत नाही, मग लाटा घेतो. त्या लाटांवरचा त्रिकोण 180 ला पुरत नाही. विश्वापुढे ढोबळमानाने हे तीनच पर्याय: पोट, दंड, पापड. 1917 साली आइन्स्टाइनने पोट निवडलं. जागा मोजकी, पण काठ कुठेच नाही.

•

मोजणीचा कौल दंडाला. 2009 साली सोडलेल्या प्लँक उपग्रहाची मापं इतर निरीक्षणांशी जोडली, तर अवकाश सपाट निघतं. चूक असलीच तर शेकड्याला अर्ध्याहून कमी.

•

सपाट म्हणजे न संपणारं, असं मी शाळेपासून धरून चाललो होतो. पण दंडही सपाटच की! त्याला वळसा घालून मुंगी निघाल्या जागी येते. जुन्या नोकियावर भिंती नसलेला सापाचा खेळ होता. साप उजवीकडून गेला की डावीकडून यायचा. पडदा सपाट, तरी त्या सापाला काठ ठाऊक नाही. वक्रता इथल्या इथे मोजता येते. टोकं कुठे जोडली आहेत, हे त्या मापात येत नाही.

•

रोहा. केस कापायला बसलो. पुढे आरसा, मागे आरसा, मधे माझी रांग. विश्व असं जोडलेलं असेल तर आकाशातही अशी रांग दिसावी. फक्त आरशासारखं डावं-उजवं उलटणार नाही. समोर पाहावं आणि स्वतःचीच पाठ दिसावी.

•

जयंत नारळीकर आणि टी. आर. शेषाद्री यांनी 1985 साली अशाच भुताटकी प्रतिमांवर शोधनिबंध लिहिला. अडचण अशी की प्रकाशाला वळसा घालायला कोट्यवधी वर्षं लागणार. दिसेल ती आपली आकाशगंगा, पण तेव्हाची. आपलाच रांगतानाचा फोटो परक्याच्या अल्बममध्ये सापडला, तर ओळखू का?

•

म्हणून दीर्घिका सोडून जुन्यात जुना प्रकाश धरला. विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना सुटलेला, चहूबाजूंनी आपल्याकडे येणारा. त्याचा आपल्याभोवती एक गोल होतो. विश्व या गोलापेक्षा लहान असेल तर गोल स्वतःलाच छेदेल. दोन गोल छेदले की वर्तुळ मिळतं. तेच वर्तुळ आकाशात दोन जागी दिसेल, गरम-थंड ठिपक्यांचा क्रमही तोच. 2001 साली निघालेल्या डब्ल्यूमॅप यानाच्या नकाशात शोधलं, प्लँकच्या नकाशात शोधलं. अशी जोडी सापडली नाही.

•

यावरून विश्व परत वळत नाही, असं ठरत नाही. वळसा असलाच तर आपल्या नजरेच्या टप्प्याबाहेर मोठा आहे, एवढंच.

•

रोहा स्टेशन. 1986 साली रूळ इथवर आले आणि थांबले. पुढे कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा 1993 साली सुरू झाला. मधली वर्षं गाडीवाल्यांना हाच शेवट. जमीन मात्र पुढे होतीच.

•

फलाटावर दिव्याची मेमू उभी. बाकावरच्या आजोबांना नातवाने विचारलं, "आजोबा, गाडी वळवतात कुठे?"

"वळवत नाहीत रे. ड्रायव्हर या टोकाचा त्या टोकाला जातो."

पोरगं फलाटभर चालत दुसरी केबिन बघून आलं.

मी मनात वेगळी गाडी सोडली. पेणहून निघालेली. कासू, नागोठणे, रोहा, मग सरळच. ना ड्रायव्हर टोक बदलतो, ना रूळ वाकतात. आणि एक दिवस तीच गाडी पुन्हा पेणला लागते, हमरापूरच्या बाजूने.