दुधाचा पेला

भयाचा बोलपट म्हटला कीं ओसाड वाडा, वादळी रात्र आणि एखादी किंकाळी एवढी सामग्री आपण गृहीतच धरतों. परंतु पडद्यावरील ज्या वस्तूनें मला सर्वांत अधिक अस्वस्थ केलें, ती कोणत्याही घरांत रोज रात्रीं दिसणारी आहे. ती म्हणजे दुधाचा पेला!

आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाच्या १९४१ सालच्या 'सस्पिशन' या चित्रपटांतील हा पेला. लीना ही सधन घरांतील भिडस्त मुलगी जॉनी नांवाच्या देखण्या, उधळ्या तरुणाशीं लग्न करते. तो थापा मारतो, शर्यतींवर पैसे लावतो, मालकाच्या पैशांची अफरातफरही करतो. पुढें त्याचा एक मित्र पॅरिसमध्यें मरण पावतो, आणि आपला नवरा खुनी असून आतां पाळी आपली, असा किंत लीनेच्या मनांत घर करून बसतो.

वास्तविक खुनाचा पुरावा दिग्दर्शक आपल्यापुढें ठेवीतच नाहीं. लीनेला जेवढें दिसतें तेवढेंच तो आपल्याला दाखवितो. तिला जें ठाऊक नाहीं तें आपल्यालाही कळूं देत नाहीं. अक्षरांचा खेळ खेळतांना तिच्या बोटांखालीं 'खून' या अर्थाचा इंग्रजी शब्द जुळतो. घराच्या भिंतींवर खिडकीच्या चौकटींच्या सावल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. भिंती त्याच, माणसेंही तींच. पण पाहणाऱ्याची दृष्टि बिघडलेली असते. जोन फॉन्टेन या नटीचा चेहरा ही दृष्टि इतक्या नेमकेपणें व्यक्त करतो कीं त्या वर्षीचें 'ऑस्कर' तिला मिळालें यांत नवल नाहीं.

मग ती रात्र येते. काळोख्या जिन्यावरून जॉनी पेला घेऊन वर चढूं लागतो. त्याची भूमिका करणाऱ्या केरी ग्रँटचा चेहरा अंधारांत बुडालेला. दूध तेवढें लखलखतें, कारण हिचकॉकनें त्यांत विजेचा लहानसा दिवा लपविला होता! धांवपळ नाहीं, संवाद नाहीं. तो जिना संपेपर्यंत प्रेक्षक साक्षीपुराव्यावांचून जॉनीला फांशीं देऊन मोकळा झालेला असतो. संशयी मनाचें याहून खरें चित्र कोणतें असेल?

सकाळीं पेला तसाच भरलेला दिसतो. फ्रान्सिस आइल्स यांच्या 'बिफोर द फॅक्ट' (१९३२) या मूळ कादंबरींत नवरा खरोखरच खुनी असून पत्नी जाणूनबुजून विष घेते. चित्रपटांत तो निर्दोष ठरतो. मला हा शेवट अगदींच गुळमुळीत वाटला. दोन मिनिटांच्या खुलाशानें एवढें जुनें विष उतरतें थोडेंच! मोटार घराकडे वळते, जॉनीचा हात लीनेच्या खांद्याभोंवतीं येतो आणि चित्रपट संपतो.

"जाईना का बिचारी घरीं," आमच्या सौभाग्यवती उठतां उठतां म्हणाल्या, "पण दूध मात्र तिनें आपल्या हातानें तापवून घ्यावें!"