बडोदे : कचेरीच्या आत आणि बाहेर

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी भरूचपाशी नर्मदा ओलांडते आणि पुढे काही वेळाने बडोदे येते. सरकारी कागदांवर आता वडोदरा असे लिहितात. पण मराठी तोंडात जुनेच नाव बसलेले आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत हिंडताना पाट्या गुजराती दिसतात, आणि माडीवरून येणारी हाक पुष्कळदा मराठी असते. जुन्या घराण्यांतील माणसे एकच वाक्य एका भाषेत आरंभून दुसरीत संपवितात आणि त्यांना त्याची जाणीवही नसते.

नवख्या माणसाला मात्र ठेच लागते. आपल्या गावचा एखादा तरुण येथील कारखान्यात लागला आणि पहिल्याच दिवशी वरिष्ठाने त्याला ‘तमे नवरा छो?’ असे विचारले, तर तो बिचारा लाजून म्हणेल, ‘नाही साहेब, अजून लग्न व्हायचे आहे.’ गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, ज्याच्या हातात काम नाही असा. (आमच्या काही भगिनी म्हणतील की दोन्ही भाषांतला अर्थ एकच! असो.) हसण्यावारी जाणारी ही गोष्ट आहे, पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या मनुष्याला सूचनेचा अर्थ भलताच लागला, तर हसू येणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात असा दंडक होता. बहुसंख्यांची सोय त्याने केली. उरलेल्यांना शेजाऱ्याला विचारूनच काम भागवावे लागे, आणि शेजारी सांगणारा निघाला तर बरे.

परक्यांत मिसळून काम करण्याची ही विद्या बडोद्याइतकी जाणीवपूर्वक फार थोड्या नगरांनी जोपासली. त्याचे मूळ या संस्थानाच्या स्थितीतच होते. राजा मराठी, प्रजा गुजराती. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून येथे आणला गेला. त्याला अक्षरओळख नव्हती. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असे सारे त्यांना मोठेपणी धरून शिकावे लागले, आणि आम्हांस वाटते की त्यामुळेच दुसऱ्याची अडचण त्यांना कळली. ज्याला सर्व काही घरातच मिळते, त्याला ती सहसा कळत नाही.

त्यांच्या आज्ञेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ हा कोश निघाला. कारभारातील एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली शब्द त्यात मांडले आहेत. एका कचेरीसाठी एवढा खटाटोप! पण शेतसाऱ्याची नोटीस हाती घेऊन उभ्या असलेल्या कुणब्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, म्हणजे त्याचे मोल लक्षात येते. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगविद्या आणि यंत्रविद्या देशी भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला, तोही याच दृष्टीने.

बाहेरची माणसे आणतानाही हाच विचार दिसतो. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आले. त्यांनी अमेरिकन पद्धती जशीच्या तशी येथे लादली नाही. पुस्तकांची नवी वर्गवारी बसविली, येथल्याच तरुणांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला, आणि तीन वर्षांनी ते परत गेले तरी काम चालू राहिले. अरविंद घोष यांचे बालपण आणि शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. १८९३ साली ते बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा या देशाच्या भाषा त्यांना परक्याच होत्या. येथे राहून ते मराठी आणि गुजराती शिकले. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. पण प्रारंभी जमाबंदी आणि स्टॅम्प यांच्या कचेऱ्यांतच त्यांनी दिवस काढले.

येथवर वाचून वाचकांना वाटेल की बडोद्याने हा प्रश्न सोडविलाच होता. तसे झाले नाही.

१९१७ साली याच संस्थानाच्या नोकरीत डॉ. भीमराव आंबेडकर आले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, आणि करारानुसार दहा वर्षे नोकरी करणे त्यांना बांधील होते. येथे भाषेची अडचण कोठे होती? ते मराठी, राजा मराठी, इंग्रजी तर त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला येत असेल. कोशातल्या आठही भाषा येथे निरुपयोगी ठरल्या. चरित्रकार सांगतात की कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर लांबूनच कागद टाकीत. गावात राहावयास खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली मंडळी दाराशी आली, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा असे त्यांना बजावण्यात आले.

पुढचा भाग आम्हां ख्रिस्ती लोकांना सुखाने वाचवत नाही; तरी तो वाचला पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतःच तो लिहून ठेवला आहे. त्या दिवशी आसऱ्यासाठी ते आपल्या दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने सांगितले की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. नवरा-बायको दोघेही मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला, पण पत्नी जुन्याच वळणावर राहिली, आणि आपल्यासारख्याला ती घरात घेतली नसती हे बाबासाहेबांना मागाहून कळले. उत्तर सभ्य होते. नकार कोणी उच्चारला नाही. ‘विचारून सांगतो’ एवढेच. त्या गृहस्थाचे नाव त्यांनी दिलेले नाही. दिले असते तर ते एकाच घराचे लांच्छन म्हणून आपण मोकळे झालो असतो.

आज या शहराभोवती कारखान्यांचे जाळे आहे. कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएट तज्ज्ञांच्या साहाय्याने उभा राहिला. पाळी संपवून फाटकाबाहेर पडणारी माणसे अनेक प्रांतांतली असतात. आत एकाच नळीवर दोघांचे हात असतात. बाहेर आल्यावर खोली शोधताना आडनाव काय, गाव कोणते, घरात काय शिजते, असे प्रश्न आधी येतात आणि भाडे नंतर ठरते. आपल्या गावीही शाळामास्तर किंवा परिचारिका बदलून येते, तेव्हा तिला खोली देण्यापूर्वी ओसरीवर जी कुजबुज होते, ती आम्ही ऐकलेली आहे.

विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग आहे. जुने लोक तिला कमाटी बाग म्हणतात. १८७९ साली घातलेली ही बाग विस्तीर्ण आणि सुंदर आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखी. धर्मशाळेतून निघाल्यावर रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ डॉ. आंबेडकरांनी येथेच बसून काढला. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दूरदूरचे लोक दर्शनाला येतात. रेल्वे स्थानक तेथून जवळच आहे.