हळू बोला

संक्रांतीला आई तिळगुळाचा डबा घेऊन शेजारीपाजारी जायची आणि 'गोड बोला' म्हणायची. मनालीजवळच्या गोशाल गावात नेमकं त्याच दिवसापासून माणसं बोलायचीच कमी होत. पुढचे बेचाळीस दिवस देव ध्यानात असतात, अशी तिथली श्रद्धा. देवळातल्या घंटा बांधून ठेवायच्या, रेडिओ-टीव्ही बंद, शेतात कुदळ मारायची नाही, कुणाला लांबून हाक मारायची नाही. बुरुआ, सोलंग अशी आसपासची गावंही हे पाळतात. आम्ही मनालीला आलो त्या पहिल्या वर्षी आईला काही ठाऊक नव्हतं. बाबांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही गेलो आणि तिनं अंगणातूनच 'भाभीजी!' अशी खणखणीत सातारी हाक मारली. आतून पट्टू पांघरलेली एक आजी ओठांवर बोट ठेवूनच बाहेर आली. तिळगूळ तोंडात टाकला, चावला, पसंत असल्यासारखी मान हलवली. गोड बोलणं त्या वर्षी तेवढंच झालं.

हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेत बाबा होते. शाळेला जानेवारी-फेब्रुवारीत मोठी सुट्टी, बदलीवर आलेली बहुतेक कुटुंबं खाली आपापल्या गावी जात. आमचं तसं नव्हतं. हिवाळा हीच बाबांची सुगी. एकदा त्यांच्याबरोबर धुंडीच्या बाजूला गेलो होतो. त्यांनी बर्फात माझ्या छातीइतका खड्डा खणून घेतला, त्याची एक भिंत तासून गुळगुळीत केली आणि एकेका थरावर मूठ दाबून बघायला लागले. मूठ गेली तर थर अगदी भुसभुशीत. नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. भिंतीत मध्येच एका ठिकाणी त्यांची मूठ मनगटापर्यंत आत गेली. वरचा थर पेन्सिलीचा होता. बाबांनी वर उताराकडे पाहिलं, वहीत लिहिलं आणि मला म्हणाले, "चल, परत जाऊ." कारण सांगितलं ते घरी आल्यावर.

साताऱ्याच्या आजीला मात्र बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा बर्फ. 'अंगावर पडतो तर लागत नाही का रे?' असं ती पत्रात विचारायची.

सोलंगच्या उतारावर तेव्हा वर न्यायला आमच्यासाठी काही नव्हतं. अर्धा तास चढायचं आणि अर्ध्या मिनिटात खाली यायचं. गावातल्या पोरांकडे घरी तासलेल्या, पुढून वाकवलेल्या लाकडी पट्ट्या होत्या, त्यांना ते स्कीच म्हणत. माझ्याकडे खताची रिकामी गोणी. गोणीला वळण घेता येत नाही, त्यामुळे मी कायम एकाच दिशेला आणि बहुतेक वेळा कुंपणापर्यंत. मग वशिष्ठच्या गरम कुंडात पाय सोडून बसायचं. गंधकाचा वास, आणि बधिर झालेल्या बोटांत रक्त परत येताना अशी ठणक की डोळ्यांत पाणी यावं. रडलो असं कुणी म्हणू नये म्हणून मी चेहऱ्यावर कुंडातलंच पाणी मारून घ्यायचो.

त्याच वशिष्ठचा शिवा केशवन १९९८ साली सोळाव्या वर्षी नागानोच्या ऑलिंपिकला गेला. खेळ लूज: छोट्या घसरगाडीवर उताणं पडायचं, पाय पुढे, आणि शंभरावर वेगानं बर्फाच्या नळीतून खाली. अशी धावपट्टी देशात एकही नव्हती. पुढे तो गाडीला चाकं लावून घाटातल्या डांबरी रस्त्यावर सराव करायचा. ट्रक आणि मेंढ्यांचे कळप चुकवत. २०१८ पर्यंत तो सहा ऑलिंपिक खेळला. २०१४ ला सोचीत, भारतीय संघटना निलंबित असल्यामुळे, उद्घाटनाला तो तिरंग्याशिवाय चालला. आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण मिळवलं, ऑलिंपिकमध्ये पदक नाही. पुण्यात मी हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, 'मग कितवा आला?' या प्रश्नाचा मला अजून राग येतो. मनालीत आम्ही पोरं विचारायचो, 'पडला नाही ना?'

जानेवारी २०१८ मध्ये बुरुआच्या आंचल ठाकूरनं तुर्कस्तानात एर्झुरूमला स्कीइंगचं कांस्य जिंकलं. या खेळातलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं. बातमी आली आणि आठवड्याच्या आत संक्रांत. म्हणजे गावाला ओरडायला मिळाले जेमतेम चार-पाच दिवस.

मी शाळेतल्या एका गोशालच्या मित्राला फोन लावला, तोही नेमका संक्रांतीला. सिंहगड रस्त्यावर होतो, मागे बसचे हॉर्न. "अरे, अभिनंदन!" मी ओरडलोच. पलीकडे काही नाही. तंदूरमध्ये लाकूड तडतडल्याचा आवाज, मग त्याचा श्वास. "धीरे," तो म्हणाला.

एका दुकानाच्या आडोशाला गेलो, फोनवर हात धरला आणि पट्टूवाल्या त्या आजीसमोर बोलावं तसं हळू विचारलं, "बर्फ?"

"अभी नहीं," तो कुजबुजला.